एका वाद्याचे तीन आवाज



गणेशोत्सवात लालबाग-परळच्या रस्त्यांवरून हिंडताना आपण बेंजो ऐकलाच असेल. १९१२ साली जपानातील नागोया शहरी मोरिता गोरो यांनी 'ताइशोगोतो' हे वाद्य घडवले; त्याच्याच कुळातला हा आपला बुलबुलतरंग. वादक हात थांबवतो, गाणे संपते, तरी कर्ण्यातून 'घूंऽऽ' अशी गुणगुण चालूच राहते. ती येते कोठून? गिटारच्या उदाहरणाने हे लवकर समजते. तारेखाली चुंबकी पिकअप असलेल्या बेंजोलाही तोच न्याय.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात किंचित वीज उपजते. पण वेटोळे बिचारे भेद जाणत नाही! घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते. तिचे रोषणाईतून, ट्रान्सफॉर्मरमधून पसरणारे क्षेत्रही ते टिपते.

गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी यावर तोड काढली. १९५५ साली त्यांनी पेटंटासाठी अर्ज केला, १९५९ साली ते मिळाले. त्यांनी दोन वेटोळी शेजारी ठेवली व एकाची जोडणी उलट केली. दोहोंतली गुणगुण समान बळाची, पण विरुद्ध दिशेची. रस्सीखेचीत दोन्ही संघ तुल्यबळ असले की दोर जागचा हलत नाही, तसेच हे. मग स्वर का मरत नाही? कारण चुंबकाची बाजूही उलटी ठेवलेली असते. उलट्याचे उलट म्हणजे सुलट! हाच 'हंबकर'.

त्याच्या चारही तारा बाहेर काढलेल्या असतील, तर एका लहान स्विचने आवाज बदलता येतो. लॅमिंग्टन रोडवर सहा पायांचा 'डीपीडीटी' स्विच मागावा. पहिल्या वेटोळ्याचा आरंभ मुख्य तारेला आणि दुसऱ्याचा शेवट अर्थिंगला कायम जोडावा. पहिल्याचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ स्विचच्या मधल्या दोन पायांना द्यावा. वरचे दोन पाय एकमेकांस जोडावेत. खालच्यांपैकी पहिल्या वेटोळ्याच्या बाजूचा पाय अर्थिंगला, दुसऱ्याच्या बाजूचा मुख्य तारेला जोडावा.

आता एका बाजूस एकसर जोडणी होते: आवाज भरदार. दुसऱ्या बाजूस समांतर: आवाज थोडा हलका, पण स्वच्छ आणि चमकदार. प्रत्येक वेटोळे ४ किलोओहमचे धरले, तर पहिल्या जोडणीत ८ आणि दुसरीत २ किलोओहम भरतील. गुणगुण दोन्हींत दबलेलीच राहते. तिसरा मार्ग म्हणजे दोन वेटोळ्यांचा सांधा अर्थिंगला जोडून एक वेटोळे मुके करणे. आवाज खुलतो खरा, पण रस्सीखेचीतला एक संघच घरी गेला, तेव्हा गुणगुण परत आली! म्हणून रोषणाईखाली वाजवणाऱ्याने समांतर जोडणी निवडावी. एकच वेटोळे शांत खोलीसाठी राखावे. तारांचे रंग मात्र कारखान्यागणिक बदलतात. मल्टिमीटरने जोड्या ओळखल्याशिवाय डाख देऊ नये.

शेवटी एक कळकळीची गोष्ट. गुणगुण जावी म्हणून काही जण ॲम्प्लिफायरच्या प्लगची मोठी, अर्थिंगची पिन काढून टाकतात. गिटारच्या तारा सामान्यतः त्याच अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि वादकाची बोटे त्या तारांवर असतात. आत बिघाड होऊन पेटीत २३० व्होल्ट उतरले, तर त्यांना जमिनीत जायला वाट उरते ती वादकाच्या देहाची. भाद्रपदात रस्ता ओला, पाय ओले. अशा वेळी ती पिन म्हणजे त्या मुलाचा जीव आहे.

गुणगुण काढण्याचे मार्ग तीन सांगितले, त्यांतला एक फसवा निघाला. हा चौथा मात्र कोणी धरू नये, एवढीच विनंती.