कर्तारपूरच्या परवानगीची गोष्ट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. अध्यक्षीणबाईंनी "परदेशी जाऊन आलात, त्याबद्दल दोन शब्द सांगा" असा आग्रह केला, म्हणून उभी राहिले आहे. परदेश म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे विमान उभे राहील. पण आमचा परदेश एका दिवसाचा. सकाळी गेलो आणि संध्याकाळी परत आलो. रावी नदीच्या पलीकडे, पाकिस्तानात, कर्तारपूर साहिब या गुरुद्वाऱ्यात.

हिंगोलीच्या माणसाला कर्तारपूर कसे आठवले, असे कोणी विचारील. आपले नर्सी हे नामदेव महाराजांचे जन्मगाव. परतवारीच्या एकादशीला आपण सगळ्याजणी तिथे जातो. महाराज उतारवयात पंजाबात गेले आणि गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी राहिले. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन भरले ते याच घुमानला. महाराजांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत. माझ्या सासूबाई माळकरी. "कयाधूकाठचा आपला नामदेव जिथवर गेला, तिथवर एकदा मला ने" असे त्या वर्षानुवर्षे म्हणत. घुमानहून सरहद्द जवळच. तिथून पलीकडे गुरु नानकांनी आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे शेती करीत घालवली, ते कर्तारपूर. तेव्हा दोन्ही ठिकाणे एकाच फेरीत करावी, असे आमच्या गल्लीतल्या नऊ माणसांनी ठरवले. ही गोष्ट डिसेंबर २०२४ ची.

आता परवानगीचे सांगते. पूर्वी आपले लोक डेरा बाबा नानक येथे सरहद्दीवर उभे राहून दुर्बिणीतून पलीकडच्या गुरुद्वाऱ्याचे दर्शन घेत. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी रस्ता खुला झाला. करार असा, की कोणत्याही धर्माच्या भारतीय माणसाला व्हिसा लागायचा नाही. मात्र पासपोर्ट हवा आणि 'इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी' हवी. हा अर्ज कचेरीत जाऊन करायचा नसतो. तो आपल्या गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरायचा. त्याला पैसे पडत नाहीत. जाण्याची तारीख, नाव, पत्ता, पासपोर्टचा क्रमांक, आपले पोलीस ठाणे, अडीअडचणीला कोणाला कळवायचे त्याचा फोन, हे सगळे लिहायचे. फोटो आणि पासपोर्टच्या पानांची प्रत जोडायची. पुढे पोलीस घरी येऊन चौकशी करतात. आपले सरकार यादी दहा दिवस आधी पलीकडे पाठवते आणि उत्तर येते ते प्रवासाच्या तीन-चार दिवस आधी. ते कागदावर छापून पासपोर्टबरोबर न्यायचे. तिकडे माणशी वीस अमेरिकन डॉलर द्यावे लागतात. पिशवी सात किलोपेक्षा जड नको आणि जवळ अकरा हजारांपेक्षा जास्त रुपये नकोत. श्रीलंकेला किंवा केनियाला जाणाऱ्यांनाही निघण्यापूर्वी अशीच परवानगी काढावी लागते, असे समजले.

आता माझी चूक सांगते. खरे म्हणजे तीच सांगायला मी उभी आहे.

आम्ही अर्ज भरायला बाजारातल्या एका संगणकाच्या दुकानात गेलो. तिथला मुलगा भराभर टाईप करीत होता. सासूबाईंचा अर्ज शेवटी आला. भरून झाल्यावर तो म्हणाला, "काकू, एकदा नजर घाला, मग पाठवतो." माझ्या मागे चार माणसे उभी होती. कॉलेजातल्या मुली होत्या. मी इंग्रजी वाचते ते अक्षर अक्षर लावून. त्या सगळ्यांसमोर बोट ठेवून वाचायची मला लाज वाटली. मी नुसती पडद्याकडे पाहिले आणि म्हटले, "बरोबर आहे."

गाडीची तिकिटे आधीच काढलेली होती. नांदेडहून अमृतसरला सचखंड एक्सप्रेस जाते, त्यात दोन दिवस जातात. निघायच्या आदल्या दिवशी आठ जणांना फोनवर परवानगी आली. सासूबाईंची आली नाही. कारण कोणी कळवले नाही. मी अर्जाची प्रत काढून आणली आणि त्यांच्या पासपोर्टशेजारी ठेवली. पासपोर्टच्या क्रमांकात एक अक्षर असते आणि सात आकडे. त्यातल्या एका ८ च्या जागी ३ पडला होता.

भगिनींनो, एक अक्षर आणि सात आकडे तपासायला किती शिक्षण लागते? पहिलीतले पोर तपासील. मला सातवीचे शिक्षण होते. मी लाजेपायी ते वापरले नाही.

मी सासूबाईंना खरे ते सांगितले. म्हटले, "मी पण राहते." त्या म्हणाल्या, "आठ जणांचे झाले ते माझ्यामुळे मोडू नको. घुमान तरी मला कोणी अडवत नाही." त्या आल्या. गाडीत लंगरचे जेवण मिळाले, ते त्यांनी हात जोडून घेतले. घुमानला महाराजांच्या ठिकाणी डोके टेकून बराच वेळ बसल्या. दुसऱ्या दिवशी डेरा बाबा नानकच्या गुरुद्वाऱ्यात आम्ही त्यांना ठेवले आणि आठ जण पुढे गेलो.

तिकडचे थोडक्यात सांगते. आपल्या बाजूला विमानतळासारखी मोठी इमारत आहे. तिथे कागद पाहतात. लहान मुलांसारखे आम्हा थोरामोठ्यांनाही पोलिओचे थेंब पाजले, त्याचे हसू आले. मग विजेच्या रिक्षाने सरहद्दीपर्यंत, पलीकडे पुन्हा कागद, आणि बसने रावी ओलांडून गुरुद्वारा. पांढरीशुभ्र इमारत आणि भोवती मोठे मोकळे अंगण. आत गुरु नानकांची समाधी आहे आणि कबरही आहे. हिंदूंनीही आपले म्हटले आणि मुसलमानांनीही. आवाराबाहेर मात्र जाता येत नाही. मी लंगरमध्ये जेवले, पण घास गोड लागला नाही. जिच्या मनात ही यात्रा होती, ती माऊली नदीच्या अलीकडे बसली होती.

संध्याकाळी परत आलो, तो सासूबाई पंजाबी बायकांच्या ओळीत बसून पोळ्या लाटीत होत्या. एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती, पण हसणे चालले होते. मी प्रसाद हातावर ठेवला. तो कपाळाला लावून त्या म्हणाल्या, "रडू नको. पुढच्या वर्षी अर्ज मीच समोर बसून भरून घेईन."

पण पुढचे वर्ष तसे उजाडले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्येच दोन्ही सरकारांनी हा करार आणखी पाच वर्षांसाठी वाढवला होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण ७ मे २०२५ रोजी, दोन देशांत लढाईची वेळ आली तेव्हा, आपल्या बाजूने रस्ता बंद करण्यात आला. म्हणून ज्यांना जायचे असेल त्यांनी रस्ता खुला आहे की नाही हे सरकारी संकेतस्थळावर आधी पाहावे, आणि मगच तिकिटे काढावीत. सासूबाईंचा पासपोर्ट दहा वर्षांचा आहे. तो त्यांनी देवघराच्या खणात ठेवला आहे. मला त्या कधी बोलल्या नाहीत. पण सणासुदीला तो खण पुसताना माझा हात थांबतो.

यावरून मला आपल्या मंडळापुढे एक सूचना ठेवायची आहे. आपल्यापैकी कोणीही कसलाही अर्ज भरो. परदेशाचा असो, बँकेचा असो की शिधापत्रिकेचा असो. तो पाठवण्यापूर्वी दोघींनी बसावे. एकीने मूळ कागद हातात धरून एकेक अक्षर, एकेक आकडा मोठ्याने वाचावा. दुसरीने अर्जावर बोट ठेवून "आहे" म्हणावे. आपण धान्य निवडताना एकही खडा राहू देत नाही, तेव्हा कोणाची घाई मानतो का? मग आपल्या नावाच्या कागदाला का मानावी? मागे कितीही माणसे उभी राहोत, उभी राहू द्यावीत. आपल्याला न पाहिलेल्या कचेरीला आपण फक्त त्या अक्षरांवरूनच माहीत असतो.

हळूहळू वाचणे ही लाजेची गोष्ट नाही. लाजेने न वाचणे महाग पडते, हे मी अनुभवाने सांगते. माझ्या चुकीचा एवढा जरी उपयोग झाला, तरी सासूबाईंची ती संध्याकाळ वाया गेली नाही असे मी समजेन.

त्या आज समोरच बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच मी हे बोलले.