नेत्राची काच निर्मळ कां राहते?



शरीरांत रक्ताचा संचार सर्वत्र आहे. परंतु बुबुळापुढील पारदर्शक पडद्यांत, म्हणजे स्वच्छपटलांत, त्याला मज्जाव आहे. हा पडदा मध्यभागीं सुमारें अर्धा मिलिमीटर जाड असतो. सोलापूरच्या नवी पेठेंत आपण जी चादर विकत घेतों, तिच्या ताण्याचे धागे मागावर जसे समांतर व सारख्या अंतरानें बसवलेले असतात, तशीच या पडद्यांतील सूक्ष्म तंतूंची रचना असते. ती विस्कटली कीं दृष्टि धूसर झालीच म्हणून समजावें. प्राणवायु याला मुख्यतः हवेंतून, अश्रूंच्या द्वारें मिळतो. म्हणून रक्तावांचून त्याचें अडत नाहीं.

रक्तवाहिन्या तर पडद्याच्या कडेपर्यंत आलेल्या असतात. मग त्यांना अडवितो कोण? २००६ सालीं अमेरिकेंत बालमुरली व जयकृष्ण अंबाटी या बंधूंनीं सहकाऱ्यांसह याचा उलगडा केला. वाहिन्या वाढविणारें एक प्रथिन डोळ्यांत असतें. त्याला पकडून निष्प्रभ करणारें दुसरें प्रथिन स्वच्छपटल स्वतःच निर्माण करतें. मॅनाटी नांवाच्या समुद्रगाईच्या स्वच्छपटलांत हा पहारेकरी आढळला नाहीं, आणि तेथें रक्तवाहिन्या आहेत!

शेतांत ज्वारीचें पान किंवा कडब्याची काडी डोळ्याला लागून जखम चिघळली, कीं हा पहारा ढिला पडतो. वाहिन्या मदतीला म्हणून आंत शिरतात आणि ठाण मांडून बसतात. मागें पांढरा डाग उरतो. यालाच आपण फूल पडणें म्हणतों. यावर उपाय नेत्ररोपणाचा. १९०५ सालीं एडुआर्ड त्सिर्म यांनीं पहिलें यशस्वी रोपण केलें. परंतु वाहिन्या शिरलेल्या डोळ्यांत रक्तांतील रक्षक पेशी परक्या पडद्यावर सहज चालून येतात, आणि दात्याचें दान पुष्कळदां वायां जातें.

वाहिन्या रोखणारीं औषधें आहेत. पण त्यांचा प्रभाव ओसरतो व तीं पुनःपुन्हा द्यावीं लागतात. म्हणून शास्त्रज्ञांनीं निराळी युक्ति योजिली. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या हातीं रोधक प्रथिनाचें जनुक पेशींत पोंचवावें, म्हणजे डोळाच आपलें औषध तयार करील. प्राण्यांवरील प्रयोगांत याला यश आलें आहे. मात्र सर्वसामान्य रुग्णासाठीं हा उपचार अजून रूढ झालेला नाहीं.

तोंवर आपल्या हातीं दोन गोष्टी आहेत. डोळ्याला जखम होतांच झाडपाल्याचा रस किंवा मनानें आणलेले थेंब न घालतां त्वरित नेत्रवैद्याकडे जावें. आणि घरांत मृत्यु घडल्यास, दुःख आवरून, सहा तासांच्या आंत नेत्रदान घडवून आणावें. उद्यांचें शास्त्र त्या दानाचें रक्षण करील. पण दान मात्र आपणच दिलें पाहिजे.