तारामासा आणि गोदाकाठची पाणथळ



नाशिक जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तथापि समुद्रातील एका तारामाशाची हकीकत येथील शिक्षकांनी, पंचायत सदस्यांनी आणि अधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे.

१९६३ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रॉबर्ट पेन या प्राणिशास्त्रज्ञाने खडकाच्या एका पट्ट्यावरून तारामासे वेचून काढण्यास आरंभ केला. तारामासा हा तेथील शिंपल्यांचा भक्षक. तो नाहीसा होताच शिंपल्यांनी खडक व्यापला. जेथे १५ जातींचे जीव नांदत होते, तेथे ८ च उरल्या. एका जातीवरील अंकुश सुटला की इतरांची जागा हिरावली जाते, हा त्याचा बोध होय.

आता निफाड तालुक्यातील नांदूर-मध्यमेश्वर पाहा. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील हा बंधारा सिंचनासाठी बांधला गेला. वर्षानुवर्षे साचलेल्या गाळाने पाणीसाठा घटला, हे शेतकऱ्याचे नुकसानच. परंतु त्याच गाळाने उथळ पाणी, बेटे व दलदल निर्माण झाली आणि पक्ष्यांना अन्न व आसरा मिळाला. १९८६ मध्ये हे क्षेत्र अभयारण्य झाले. २०१९ मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. येथे ५३६ जातींच्या जीवांची नोंद असून, देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा, नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरील एक लहानसा मासाही त्यांत आहे.

या पाण्यात शिंपल्यांची भूमिका जलपर्णीने, म्हणजेच पाणवेलीने घेतली आहे. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिला तेथे आवर घालणारे कीटक तिच्यासोबत येथे आले नाहीत. सांडपाणी व शेतातून वाहून येणारे खत यांवर ती पोसते, सूर्यप्रकाश अडविते आणि तिच्याखाली पाण्यातील प्राणवायू घटतो. मग मासे कमी होतात, आणि माशांवर जगणारे पक्षी व मच्छीमारही अडचणीत येतात.

केवळ पाणवेली उपसून भागणार नाही. सांडपाणी नदीत जाण्यापूर्वीच शुद्ध झाले पाहिजे. ते काम नगरपालिका व ग्रामपंचायतींचे आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह दरवर्षी त्याच ठिकाणी, त्याच ऋतूत पक्ष्यांची व माशांची नोंद ठेवावी. एका वर्षाचा आकडा फारसे सांगत नाही. दहा वर्षांची वही मात्र कोणती जात घटते आहे हे वेळीच दाखविते. पेन यांनीही प्रथम मोजदादच केली होती.

पक्षी आणि पाटाचे पाणी यांचा उगम एकच आहे. तो राखणे हे दोघांच्याही हिताचे आहे.