गावच्या शाळेस साहाय्य कसे करावे
(ज्युबिलीनिमित्त नांदगाव खंडेश्वर येथे झालेल्या सभेतील भाषण)



ज्युबिलीच्या वर्गणीतील काही भाग जिल्हा परिषदेच्या शाळेस द्यावा, अशी सूचना आपल्यापैकी कित्येकांनी केली आहे. सूचना स्तुत्य आहे. परंतु द्यावयाचे काय, कोणास विचारून, आणि दिल्यानंतर पुढे काय, ह्या तीन प्रश्नांचा विचार केल्यावाचून दिलेली वस्तू पुष्कळदा कपाटात कुलूपबंद होऊन पडते. यास्तव त्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, सरकारी शाळा ही कोणाच्या दयेवर उभी नाही. 1882 साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन सादर केले. सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून निघतो, तर तो तिच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. पुढे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक बालकास विनामूल्य शिक्षणाचा अधिकार दिला, आणि 60 मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेसही दोन शिक्षक असावेत असे ठरविले. तेव्हा शिक्षकाची रिकामी जागा आपल्या देणगीच्या टी.व्ही.ने भरून निघणार नाही. ती भरावी म्हणून अर्ज करणे, पुन्हा पुन्हा करणे, हे पालकांचे कर्तव्यच होय. दानाने जर हे कर्तव्य विसरले जात असेल, तर ते दान शाळेस हानिकारक ठरेल.

मग बाहेरच्या साहाय्यास स्थान कोणते? ह्याविषयी परदेशातील एक उदाहरण बोधप्रद आहे. पश्चिम केनियातील खेड्यांच्या शाळांस एका संस्थेने पाठ्यपुस्तके वाटली. मायकेल क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुस्तके मिळालेल्या व न मिळालेल्या शाळा ताडून पाहिल्या. सर्वसाधारण मुलांचे गुण वाढले नाहीत. जी मुले आधीच हुशार होती, तेवढ्यांचाच लाभ झाला. कारण उघड होते. पुस्तके इंग्रजीत होती, आणि इंग्रजी ही बहुतेक मुलांची तिसरी भाषा होती. आपल्याच जिल्ह्यातील मेळघाटच्या कोरकू बालकाचा विचार करा. घरी कोरकू बोलणाऱ्या मुलापुढे मराठी पुस्तकांची रास ठेवली, तरी त्याची बोली जाणून शिकविणारा कोणी नसेल, तर ती रास त्याच्या काय कामाची?

दुसरे उदाहरण जवळचे आहे. 1995 साली मुंबईत आरंभ झालेल्या 'प्रथम' संस्थेने मुंबई व बडोदे येथील महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' नेमल्या. ह्या वस्तीतीलच तरुण मुली होत्या. मानधन महिना 500 ते 750 रुपये. तिसरी-चौथीतील मागे पडलेली मुले वेगळी बसवून रोज सुमारे दोन तास त्यांना अक्षरे व अंक पक्के करून द्यावयाचे, एवढेच त्यांचे काम. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदींनी ह्या उपक्रमाची परीक्षा केली, तेव्हा मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि दुसऱ्या वर्षी ती पहिल्या वर्षाच्या दुप्पट झाली. (बॅनर्जी, डुफ्लो व वर उल्लेखिलेले क्रेमर यांना 2019 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.) तथापि साहाय्य थांबल्यावर वर्षभरातच त्या लाभाचा बराच भाग ओसरला, हेही त्यांनीच नमूद केले आहे. एक वर्षाचा उत्साह पुरत नाही, हा ह्यातील धडा आपण विसरू नये.

आता नावाविषयी. 2023 साली राज्य शासनाने शाळा दत्तक देण्याची योजना काढली. तीत खेड्यातील शाळेस पाच वर्षांकरिता 50 लक्ष किंवा दहा वर्षांकरिता एक कोटी रुपयांचे साहाय्य करणाऱ्यास त्या मुदतीपुरते आपले नाव शाळेस जोडण्याची मुभा ठेविली. आपली शक्ती तेवढी नाही, आणि पाटीची हौसही नसावी. दान देताना कर्णा वाजवू नये, ही तर आपल्या प्रभूचीच शिकवण. ह्याच जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगे महाराजांनी लोकांच्या पैशातून धर्मशाळा व शाळा उभारल्या, पण त्यातील काही स्वतःचे म्हणून ठेविले नाही. हा आदर्श आपल्या दारचाच आहे.

यास्तव माझी सूचना अशी. वस्तू विकत घेण्यापूर्वी शिक्षकांस व शाळा व्यवस्थापन समितीस विचारावे. कायद्याने ह्या समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात व निम्म्या स्त्रिया असतात. आपल्यातील ज्यांची मुले त्या शाळेत जातात, त्यांनी, विशेषतः मातांनी, सभेस जाऊन बोलावे. कापूस वेचणीच्या दिवसांत आईबाप पहाटेच शेतावर जातात, आणि धाकट्या भावंडास सांभाळावयास किंवा वेचणीस म्हणून कित्येक मुले घरी राहतात. मागे पडणारी मुले बहुधा हीच. त्यांच्याकरिता बारावी झालेल्या दोन-तीन मुलामुलींनी, शिक्षकांच्या सांगण्यानुसार, रोज एक तास वाचनाचा व गणिताचा वर्ग घ्यावा; मानधन वर्गणीतून द्यावे; आणि हे निदान तीन वर्षे चालावे.

ह्या वर्गात सर्व जातिधर्मांची मुले बसतील. तेथे आपले धर्मशिक्षण मुळीच आणू नये. त्याकरिता चर्च आहे, घर आहे. शाळा सर्वांची आहे, आणि ती सर्वांची राहावी म्हणूनच आपण साहाय्य करावयाचे.

वर्षअखेर खर्चाचा हिशेब वाचून दाखवालच. परंतु त्या दिवशी दहा मुलांना उभे करून त्यांच्याकडून एक-एक उतारा मोठ्याने वाचवून घ्या. आपल्या वर्गणीचा खरा हिशेब तोच. परमेश्वर ह्या कार्यास यश देवो.