घरबसल्या विज्ञान आणि दवाखान्याची वाट



२०२४ साली जालन्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेव्हापासून राजुरेश्वराच्या या परिसरातील घराघरांत डॉक्टर व्हावे, परिचारिका व्हावे, अशी भाषा ऐकू येऊ लागली असेल तर नवल नाही. परंतु ज्या मुलीने बारावीस कला शाखा घेतली, किंवा ज्या मुलाने जीवशास्त्र सोडून गणित धरले, त्याने काय करावे? मोबाइलवर घरबसल्या विज्ञान शिकविणाऱ्यांच्या जाहिराती तर रोज येतात. त्यांतून निवड कशी करावी, एवढाच आजचा प्रश्न आहे.

ज्ञान मिळविणे आणि पात्रता मिळविणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानी घ्यावे. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर २०१७ पासून उत्तम व्याख्याने विनामूल्य ऐकावयास मिळतात. ती जरूर ऐकावीत. मात्र तेथील प्रमाणपत्र बारावीच्या गुणपत्रिकेची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून आधी मुक्काम ठरवावा, मग गाडी पाहावी. बी. एस्सी. नर्सिंगला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय बारावीस लागतात. जीएनएम या पदविकेस मात्र भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे कोणत्याही शाखेची बारावी चालते. इंग्रजी हवे, आणि गुण किमान ४० टक्के हवेत. तेव्हा कला शाखेच्या मुलीने विज्ञानासाठी पैसा ओतण्यापूर्वी हा दरवाजा पाहून घ्यावा.

विज्ञानच हवे असेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची बारावी हा राजमान्य मार्ग आहे. बारावीनंतर जीवशास्त्र हा जादा विषय घेऊन उत्तीर्ण झालेल्यासही ‘नीट’ला बसता येईल, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केले.

याच्या पुढची पायरी मात्र घरी बसून चढता येत नाही. वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, भौतिकोपचार यांची पदवी दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने देण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनी मनाई आहे. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र यांसारखे आरोग्याशी निगडित विषयही त्या मनाईत आले. यामागे कारण आहे. कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः धरल्यावाचून पेशी कळत नाही. आणि रुग्णाची नाडी तर पडद्यावर मुळीच लागत नाही.

तेव्हा पालकांनो, पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. प्रमाणपत्रावर सही कोणत्या मंडळाची? प्रात्यक्षिके कोणत्या गावी, कोणत्या प्रयोगशाळेत? आणि ज्या महाविद्यालयात पुढे जावयाचे, त्याच्या प्रवेश-पुस्तिकेत हे प्रमाणपत्र लिहिले आहे काय? तिन्हींची उत्तरे लेखी घ्यावीत. जो तोंडी सांगतो आणि लेखी देत नाही, त्याच्याकडे फी भरू नये.

खरिपाच्या पैशातून भरलेली फी एक वेळ पुन्हा मिळविता येईल. अठराव्या वर्षाचे गेलेले वर्ष मिळविता येणार नाही. आपण पेरणीपूर्वी बियाण्याची पिशवी उलटून पाहतो, पावती मागतो. मुलीच्या शिक्षणास निदान तेवढी दक्षता लावावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.