हृदयरुग्णांचे पुनर्वसन : तत्त्वे कागदावर, रुग्ण घरी

(वर्धापनदिनी हृदयरोग विभागाच्या वतीने केलेले भाषण)



वर्षभरात झालेल्या शस्त्रक्रियांचा तपशील अहवालात अन्यत्र आलेला आहे. आज आम्ही रुग्ण घरी गेल्यानंतरच्या दिवसांविषयी बोलू इच्छितो.

हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेला शेतकरी घरी निघतो, तेव्हा आम्ही त्याला ‘जड काम करू नका, जपून राहा’ एवढेच सांगतो. तो जपतो, म्हणजे खाटेवर बसून राहतो. घरची मंडळी त्याला पाण्याची बादलीही उचलू देत नाहीत. शेत वाट्याने दिले जाते. धमनी मोकळी झाली, तरी मनातील भीती तशीच राहते.

एके काळी अशा रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर ठेवीत. १९५२ मध्ये अमेरिकेतील डॉ. सॅम्युअल लेव्हाईन व डॉ. बर्नार्ड लाऊन यांनी त्याला लवकर खुर्चीत बसवावे, असे प्रतिपादन केले. आज देखरेखीखालील व्यायाम, आहार, तंबाखूमुक्ती, औषधांतील सातत्य आणि मानसिक आधार यांना मिळून हृदय-पुनर्वसन म्हणतात. त्यामुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटते, हे सिद्ध झाले आहे. युरोप व अमेरिकेतील मार्गदर्शक तत्त्वे त्याची ठाम शिफारस करतात.

ही तत्त्वे आम्हांस ठाऊक नाहीत, असे नाही. मात्र घरी सोडण्याच्या सकाळी बिल, औषधे आणि दारात उभी असलेली गाडी यांच्या घाईत पुनर्वसनाची गोष्ट कोणा एकाच्या आठवणीवर सोपवली जाते. तेथेच ती राहून जाते.

या प्रश्नाचा अभ्यास इतरत्र झाला आहे. नेदरलँड्समधील २१ केंद्रांतील २,७८७ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाची गरज ठरवतानाच संगणकाने मार्गदर्शक तत्त्वांनुसार सल्ला पुढे ठेवला, तेव्हा व्यायाम, रुग्णशिक्षण आणि शिथिलीकरण यांबाबतचे निर्णय तत्त्वांशी अधिक जुळू लागले. जीवनशैली बदलण्याच्या उपचाराबाबत मात्र तसे घडले नाही. पुढे त्याच देशात १८ केंद्रांना त्यांच्या कामगिरीचे अहवाल पाठवून व प्रत्यक्ष भेटी देऊन पाहण्यात आले; २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्याने सुधारणा झाली नाही. मागाहून दाखवलेल्या आकड्यांपेक्षा निर्णयाच्या क्षणी समोर आलेली आठवण अधिक उपयोगी पडते, असा बोध आम्ही त्यातून घेतला.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील ११ रुग्णालयांच्या २०११ च्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट दिसते. नेहमीच्या पद्धतीत सुमारे ३२ टक्के रुग्ण पुनर्वसनासाठी पाठवले गेले. जेथे शिफारस आपोआप होत असे आणि शिवाय कोणी खाटेजवळ बसून बोलत असे, तेथे हे प्रमाण सुमारे ८६ टक्के होते.

म्हणून विभागाने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. डिस्चार्ज कार्डावर पुनर्वसनाची शिफारस छापलेलीच असेल. ती खोडायची झाल्यास डॉक्टरांनी कारण लिहावे. ज्यांची प्रकृती अद्याप स्थिर नाही, त्यांच्याबाबत असे कारण असू शकते. दुसरे, फिजिओथेरपिस्ट अथवा परिचारिका रुग्णाशी व त्याच्या घरच्यांशी बोलतील. कोणते काम केव्हा सुरू करावे, हे त्यांच्याच भाषेत सांगतील. तिसरे, दूर गावच्या रुग्णास वारंवार येणे परवडत नाही. त्याची येथे चालण्याची चाचणी घेऊन घरी करावयाचा व्यायाम लिहून दिला जाईल आणि फोनवरून विचारपूस होईल.

यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. एक मोकळी खोली, एक प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट आणि निर्धन रुग्णांच्या प्रवासखर्चाची तरतूद एवढीच आमची विश्वस्त मंडळास विनंती आहे. दात्यांनी आजवर रुग्णाचे प्राण वाचवण्यास हातभार लावला. तो पुन्हा आपल्या बांधावर उभा राहील, तेव्हाच आपली सेवा पूर्ण झाली असे आम्ही मानू.