पिकते तेथे विकत नाही



‘पिकते तेथे विकत नाही’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बहुधा आपण ती गुणी माणसांच्या उपेक्षेविषयी वापरतो. आज मात्र आम्ही ती अगदी शब्दशः घेणार आहोत. आपल्यासारख्या विकसनशील देशांत फळे व भाजीपाला यांची शेती बळकट करावयाची कशी, हा आजचा विषय आहे. या प्रश्नाचे अर्धे उत्तर पिकवण्यात आहे. उरलेले अर्धे, आणि अधिक अवघड, विकण्यात आहे.

पहिले अर्धे उत्तर महाराष्ट्राने चांगले दिले, हे अभिमानाने सांगावयास हवे. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमीची कल्पना येथे रुजली. पुढे १९९० मध्ये तिला फळबाग लागवडीची जोड मिळाली. स्वतःच्याच रानात खड्डे खणावे, कलमे लावावी, आणि त्या कामाचे साहाय्य सरकारकडून मिळावे, अशी ती योजना. कोकणात आंबा व काजू, देशावरच्या कोरडवाहू माळांवर डाळिंब, बोर आणि सीताफळ उभे राहिले. आज फळे व भाजीपाला यांच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो.

मग शेतकरी टोमॅटो रस्त्यावर का ओततो?

याचे कारण मालाच्या स्वभावात आहे. ज्वारी कणगीत थांबते. टोमॅटो थांबत नाही. तोडल्यावरही फळ जिवंत असते, श्वास घेत असते. उष्मा जितका अधिक तितका त्याचा श्वास जलद आणि आयुष्य कमी. जुन्नर तालुक्यातला शेतकरी भरलेले क्रेट घेऊन नारायणगावच्या बाजारात उतरतो, तेव्हा हा माल परत नेणे त्याला परवडणार नाही, हे घेणाऱ्याला पक्के ठाऊक असते. ज्याला थांबता येत नाही, त्याला भाव सांगता येत नाही. सारी गोम येथे आहे.

हिशेबच पाहू. काढणीनंतरच्या नुकसानीची देशव्यापी पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीत टोमॅटोची नासाडी शेकडा सुमारे १२ आणि पेरूची सुमारे १६ आढळली. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील एका अभ्यासानुसार, ग्राहकाने टोमॅटोसाठी दिलेल्या रुपयातले सुमारे ३३ पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात. कांद्याच्या रुपयातले ३६. उरलेले सगळे दलालाच्या खिशात जातात असे मानणे मात्र अन्यायाचे होईल. हमाली, वाहतूक, नासाडी आणि किरकोळ विक्रेत्याचे पोट, हेही त्यातच आले.

तेव्हा शेतकऱ्याला थांबण्याचे बळ देणे, हेच बागायती बळकट करणे होय. हे बळ प्रत्येक पिकाला निराळ्या रीतीने द्यावे लागते. द्राक्षांना काढणीनंतर लगेच थंड करावे लागते. हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे, म्हणून १९९१ साली सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ उभी केली आणि आपली द्राक्षे युरोपात पोचवली. उलट, कच्चा टोमॅटो फार थंडीत ठेवला तर बिघडतो. थोड्या भाजीसाठी दिल्लीच्या पुसा संस्थेने विजेवाचूनची थंड कोठी दाखवून दिली आहे: विटांच्या दोन भिंती, मध्ये वाळू, आणि वाळूवर पाण्याचा शिडकावा. माठातले पाणी ज्या नियमाने गार होते, तोच नियम येथे आहे.

आणि कांद्याला तर आपली कांदाचाळच पुरते. खालून-बाजूने वारा खेळता ठेवला की उन्हाळी कांदा चार-पाच महिने टिकतो. काही घट होते, पण शेतकरी भावाची वाट पाहू शकतो. एवढे साधे साधन, पण ते त्याला बाजारात ताठ उभे करते.

आता थोडे कटू बोलतो, क्षमा असावी. चाळीतला कांदा भाव खाऊ लागला की शहरात आपण ओरड करतो. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. ती बंदी मे २०२४ मध्ये उठली. स्वयंपाकघराची काळजी खोटी नाही. मोलमजुरी करणाऱ्या बाईला कांद्याचा वाढलेला रुपया खरोखर जड जातो. पण भाव कोसळतो तेव्हा आपल्यापैकी कोण ओरडतो? वाट पाहून मिळणारा लाभ आयत्या वेळी काढून घ्यावयाचा आणि नुकसान मात्र त्याच्याकडेच ठेवावयाचे, अशाने चाळ बांधण्याची उमेद कोणाला राहील?

माणसाने दररोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढी ती आपल्या सर्वांच्या ताटात यावयाची असतील, तर पिकवणारा टिकला पाहिजे. आम्ही आपणांकडे दया मागत नाही. उद्या मंडईत भाजीचा भाव ऐकाल, तेव्हा महाग की स्वस्त एवढेच न विचारता, पिकवणाऱ्याला थांबता आले होते काय, हेही विचारा. पिकते तेथे विकेल, तो दिवस त्या प्रश्नापासून सुरू होईल.